बी.फार्म पणजीचं, नवरा स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं फार्मसिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन होतं का?

डिचोलीकरीण

नमस्कार, इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, आज विचारायची वेळ आली म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीतून बी.फार्म केलं, गोवा स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, आणि पास झाल्यापासून वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये आहे. म्हणजे काउंटरचा अनुभव जवळजवळ नाहीच, मामाच्या दुकानात सुट्टीत बसायचे तेवढाच. नवरा स्विंडनला आहे, त्याने पोर्तुगीज पासपोर्ट लग्नाच्या बऱ्याच आधी केला होता, आता त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे यूकेत कायम राहायची परवानगी आहे. घरचे म्हणतात तूही आजोबांच्या नावावर पासपोर्ट करून घे, आजोबांची पोर्तुगीज काळातली जन्मनोंद सापडलीय, आणि मडगावचा एक एजंट सांगतोय की युरोपचा पासपोर्ट हातात आला की फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन डायरेक्ट, परीक्षा बिरीक्षा काही नाही, फक्त फॉर्म भरायचा.

मला हे पटत नाहीये पण खात्रीने सांगणारं कोणी ओळखीचं नाही. माझ्या बरोबरच्या दोन मुली तिकडे गेल्या त्या आज केअर होममध्ये काम करतात. कामात कमीपणा काही नाही, पण चार वर्षं शिकलेलं असं सुटून जावं असं मला वाटत नाही. तर खरा रस्ता कुठला, पासपोर्टचा उपयोग होतो का, कंपनीतला अनुभव धरतात का, आणि निघायच्या आधी गोव्यातच काय काय उरकून घ्यावं, एवढं कोणीतरी सांगा.

केरी_सत्तरी

मी याच रस्त्याने आलेय, आज इंग्लंडात एका कम्युनिटी फार्मसीत रजिस्टर्ड फार्मसिस्ट आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

एजंटचं म्हणणं साफ चुकीचं आहे. पासपोर्टवरून तुम्हाला कुठं राहता येईल एवढंच ठरतं, तुमची डिग्री कुठली हे त्याने बदलत नाही, आणि रजिस्ट्रेशनवाले बघतात ती डिग्री. यूकेच्या बाबतीत तर राहण्याचंही आता तसं उरलेलं नाही. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२० ला ते मोकळं येणंजाणं संपलं, तुमचे मिस्टर त्याच्या आधी आले म्हणून ते सेटल्ड आहेत, आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन उतरणाऱ्याला काम करायला व्हिसा लागतोच. म्हणजे तुम्हाला यायचंय ते मिस्टरांच्या स्टेटसवर स्पाउस व्हिसाने, त्यासाठी तुमचा भारतीय पासपोर्ट पुरतो. त्यांचा पगार मात्र बघा, एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडाची अट आहे. स्पाउस व्हिसाचा मोठा फायदा असा की नोकरीला स्पॉन्सर शोधावा लागत नाही, आणि पुढे ट्रेनिंगच्या वर्षात हा फायदा किती मोठा आहे ते कळेल.

आता रजिस्ट्रेशन. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स तिन्हीकडे जीपीएचसी म्हणजे जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल, नॉर्दर्न आयर्लंडचं वेगळं. भारतातून शिकून आलेल्यांना आधी ओस्पॅप करावं लागतं, एका वर्षाचा पोस्टग्रॅज्युएट कोर्स, ठरावीक युनिव्हर्सिट्यांतच असतो, संडरलँड, ब्रायटन वगैरे. डी.फार्मच्या डिप्लोमावर प्रवेश मिळत नाही, बी.फार्म पाहिजे, आणि आपल्या देशात तुम्ही फार्मसिस्ट म्हणून काम करायला पात्र आहात हे दाखवावं लागतं, म्हणून गोव्याचं रजिस्ट्रेशन जिवंत ठेवा, रिन्यूअल चुकवू नका. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडेमिक, चारही भागांत प्रत्येकी ७, आणि एकाच बैठकीत. सरासरी ७ आली आणि रायटिंगला साडेसहा असेल तर चालत नाही, आपली बरीच मुलं रायटिंगलाच अडकतात, त्यामुळे हे सगळ्यात आधी घ्या, कोर्सचा अर्ज नंतर. ओईटी पण चालते, ती हॉस्पिटलच्या भाषेतली परीक्षा आहे, कोणाकोणाला ती सोपी जाते.

ओस्पॅप झालं की ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, पूर्वी याला प्री-रेज म्हणायचे, अजून दुकानांत जुने लोक तसंच म्हणतात. तुमच्यावर एक डेझिग्नेटेड सुपरवायझर असतो, तो १३, २६ आणि ३९ आठवड्यांना तुमचा आढावा घेतो, ३९ चा समाधानकारक असेल तरच परीक्षेला बसता येतं. ही परीक्षा, रजिस्ट्रेशन असेसमेंट, वर्षातून दोनदा, जूनला आणि नोव्हेंबरला, आणि जन्मात फक्त तीन वेळा देता येते. हे तीनचं बंधन लोक गंमतीवारी नेतात. ट्रेनिंग चालू असताना नोकरी, घर, मूल सगळं सांभाळून ‘बघू तरी कसा असतो पेपर’ म्हणून बसायला जाऊ नका, तयारी झाली असेल तरच बसा.

कंपनीतला अनुभव ट्रेनिंगच्या आठवड्यांत धरत नाहीत, तो वेगळा. पण क्यूएमधली नोंदी ठेवायची सवय इथं फार कामाला येते हे माझं प्रामाणिक मत आहे, मी पाहिलंय, कंट्रोल्ड ड्रग्जच्या रजिस्टरला आपली क्यूएवाली मुलं एकदा शिकवली की चुकत नाहीत.

मांडवीपलीकडे

पासपोर्टच्या मुद्द्यावर मी भर घालतो, मी लिस्बनला असतो आणि हा एजंटी प्रचार इथंही रोज ऐकतो.

तो एजंट जे अर्धवट ऐकून सांगतोय ते युरोपियन युनियनच्या २००५ च्या डायरेक्टिव्हबद्दल असणार, डायरेक्टिव्ह २००५/३६. त्यात फार्मसिस्टच्या डिग्रीला सदस्य देशांत आपोआप मान्यता आहे हे खरं, पण ती कोणाच्या डिग्रीला? युनियनमधल्या देशांत शिकलेल्यांच्या. त्यात किमान पाच वर्षांचं शिक्षण धरलंय, त्यातले सहा महिने फार्मसीत किंवा हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम. आपलं बी.फार्म चार वर्षांचं आणि युनियनच्या बाहेरचं, त्यामुळे तो आपोआप मान्यतेचा भाग आपल्याला लागूच होत नाही, पासपोर्ट मरून असो की निळा.

पोर्तुगालात करायचं तर आधी इथल्या युनिव्हर्सिटीकडून डिग्रीची मान्यता, लिस्बन, पोर्तो, कोइंब्रा अशा ठिकाणी अर्ज करतात, इथं फार्मसी म्हणजे पाच वर्षांचा इंटिग्रेटेड मास्टर, तेव्हा तुमच्या चार वर्षांच्या विषयांची तुलना होते आणि कमी पडलेलं भरून काढायला सांगू शकतात. मग ओर्देम दोस फार्मास्युटिकोस, म्हणजे तिथल्या फार्मसिस्टांच्या कौन्सिलकडे नोंदणी. आणि हे सगळं पोर्तुगीजमधून. आजोबांना पोर्तुगीज येत होतं म्हणून आपल्याला येत नाही ना, काउंटरवर म्हातारी बाई येऊन छातीत कसं होतंय ते सांगते तेव्हा तिचं बोलणं पूर्ण समजलंच पाहिजे, नाहीतर औषध देऊच नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण हीच खरी वाट आहे आणि कोणी सांगत नाही. युनियनच्या एका देशाने तुमची बाहेरची डिग्री रीतसर मान्य केली आणि तुम्ही त्याच देशात तीन वर्षं फार्मसिस्ट म्हणून काम केलं, की पुढे युनियनच्या दुसऱ्या देशात जाताना ती जमेला धरतात. म्हणून इंग्रजीवाले बरेच जण आयर्लंडचा विचार करतात, तिथं पीएसआय, फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ आयर्लंड, बाहेरच्या डिग्रीसाठी त्यांची स्वतंत्र पद्धत आहे, कागदपत्रांची छाननी, परीक्षा, मग देखरेखीखाली काम. आणि तिथं मात्र पोर्तुगीज पासपोर्ट कामाचा, राहायला कामाला व्हिसाची कटकट नाही.

पण तुमचे मिस्टर स्विंडनला आहेत. संसार एका देशात आणि लायसन्स दुसऱ्या देशात असं करू नका असं मी म्हणेन. शिवाय पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, करावं लागतं. यूकेच्या कामासाठी ज्याची गरज नाही त्यासाठी घाईने हे पाऊल उचलू नका, सावकाश ठरवा.

डिचोलीकरीण

देव बरें करूं दोघांचंही. केवढं स्पष्ट झालं! ओसीआय झाल्यावर उद्या परत गोव्यात यायचं ठरलं तर मग फार्मसिस्ट म्हणून काम करता येतं का, हाही प्रश्न होताच मनात, आई-बाबा इथं एकटे आहेत. आणि केरीवाल्या ताई, ओस्पॅपची सीट मिळेपर्यंत स्विंडनला घरी बसून राहण्यापेक्षा एखाद्या फार्मसीत काही काम करता येईल का? आणि परीक्षेत नेमकं काय विचारतात?

केरी_सत्तरी

काम जरूर करा, माझा तर आग्रह आहे. डिस्पेन्सर किंवा काउंटर असिस्टंट म्हणून रजिस्ट्रेशनशिवाय घेतात, फक्त लागल्यापासून तीन महिन्यांत त्यांच्या मान्यताप्राप्त ट्रेनिंग कोर्सला नाव घालावं लागतं. फार्मसी टेक्निशियन म्हणून मात्र नाही, त्याला वेगळं रजिस्ट्रेशन आहे. आणि स्वतःला कुठंही फार्मसिस्ट म्हणवून घेऊ नका, सीव्हीवरसुद्धा ‘भारतात रजिस्टर्ड’ असं नीट लिहा, इथं ते नाव कायद्याने राखीव आहे, रजिस्टरवर नसताना वापरलं तर गुन्हा होतो.

त्या काउंटरवर जे शिकाल ते पुस्तकात नाही. आपल्याकडे माणूस येऊन ‘क्रोसिन द्या’ म्हणतो, इथं प्रिस्क्रिप्शन बहुतेक जेनेरिक नावाने. औषधांचे तीन वर्ग, प्रिस्क्रिप्शनवरच मिळणारी, फार्मसीतच मिळणारी आणि कुठल्याही दुकानात मिळणारी. साधं पॅरासिटामॉल घ्या, किराणा दुकानात १६ गोळ्यांचं पाकीट, फार्मसीत ३२ चं, हे लोकांनी एकदम जास्त घेऊन जीव गमावू नये म्हणून केलेलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, त्याच्या पेशंटला वार विचारायचा, रोज तर घेत नाही ना ते विचारायचं, हे इथं अंगवळणी पाडतात. आणि जानेवारी २०२४ अखेरपासून इंग्लंडात फार्मसी फर्स्ट आहे, घसादुखी, सायनस, बायकांची साधी लघवीची जळजळ अशा सात तक्रारींवर फार्मसिस्टच ठरलेल्या नियमांत राहून औषध देतो. तेव्हा नुसतं डबा काढून देणं हे काम आता राहिलेलं नाही, पेशंटशी बोलावं लागतं आणि बोललेलं लिहून ठेवावं लागतं.

परीक्षा कॉम्प्युटरवर, दोन भाग. पहिला सगळा गणिताचा, ४० प्रश्न दोन तासांत, कॅल्क्युलेटर असतो. दुसरा १२० प्रश्न, अडीच तास. गणितं ऐकायला सोपी वाटतात. समजा मूल १४ किलोचं, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २१० मिलिग्रॅम. इथली लहान मुलांची बाटली ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमची, उत्तर ८.७५ मिलिलिटर. आपल्या हाताला सवय ५ मिलिलिटरला १२५ ची, त्या सवयीने उत्तर ८.४ येतं. गणित करायला आलं तरी बाटलीवरचं नीट वाचलं नाही तर मार्क गेला, आणि खऱ्या काउंटरवर तेवढ्याने भागत नाही. रोज दहा-बारा सोडवा, घड्याळ लावून, आतापासूनच.

फीचं एक. स्पाउस व्हिसा आहे म्हणून लगेच स्थानिकांची फी लागत नाही, तुमचं स्टेटस आणि वास्तव्य बघतात, त्यामुळे कोर्स लगेच करायचा की थांबून, हा हिशेब मिस्टरांबरोबर बसून करा. आमच्या बॅचला दोघीतिघी अशा थांबून आलेल्या होत्या, तोपर्यंत डिस्पेन्सिंगमध्ये काम केलेलं, आणि त्या वर्गात सगळ्यात पुढे होत्या.

ज्या मुली स्टुडंट व्हिसाने येणार त्यांच्यासाठी पण लिहून ठेवते, नुसता पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमावाला ओस्पॅप केला तर नंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे कोर्सनंतर काही काळ काम करायचा, मिळेलच असं धरू नका, युनिव्हर्सिटीला आधी विचारा. ट्रेनिंगचं वर्ष कोण स्पॉन्सर करणार हे आधी ठरवल्याशिवाय घरचं सोनं गहाण टाकू नका, कळकळीने सांगते.

दुबई_ते_वाळपई

बाय, मी गल्फमध्ये बरीच वर्षं काढून आता वाळपईत दुकान चालवतो. परत येण्याचं विचारलंस त्याचं आधी सांगतो. मार्च २०२१ चं केंद्राचं ओसीआयवालं नोटिफिकेशन आहे, त्यात डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स आणि फार्मसिस्ट यांना संबंधित कायद्याप्रमाणे इथं व्यवसाय करता येतो, एनआरआयच्या बरोबरीने. तुझी डिग्री इथलीच, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन इथलंच, त्यामुळे तू ते चालू ठेव. ते एकदा रजिस्टरवरून उतरलं की परत चढवायला धावपळ.

आता कागदपत्रं, कारण मी लोकांना अडकलेलं पाहिलंय ते इथंच. दुबई, अबू धाबीला आधी डेटाफ्लोवाले, म्हणजे कागदपत्रं तपासणारी कंपनी, तुझी प्रत्येक गोष्ट मूळ जागेवरून तपासतात, कॉलेज, युनिव्हर्सिटी, कौन्सिल, नोकरी, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, दुबईला प्रोमेट्रिकची, मग डीएचए म्हणजे दुबई हेल्थ अथॉरिटी किंवा ज्या अमिरातीचं असेल त्यांचं लायसन्स. यूकेची पद्धत वेगळी असली तरी कागद तेच लागणार. ताळगावला युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट एकाऐवजी तीन-चार संच काढ, बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही आणि शिक्का अर्धा इकडे अर्धा तिकडे आलेला असला पाहिजे, नुसतं चिकटवलेलं परत पाठवतात. सिलॅबसची प्रत, तुझ्या बॅचला लागू असलेलीच, नंतरची नको, प्रत्येक विषयाचे तास दिसतील अशी, कॉलेजच्या शिक्क्याने. कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं पत्र, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तक्रार नाही असं, पण हे सगळ्यात शेवटी, कारण ते ताजं मागतात. अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून कागदावरचा सरकारी शिक्का, लागलं तर आधी राज्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाची, एका दिवसात होत नाही.

आणि मामाच्या दुकानाचं म्हणालीस म्हणून विचारतो, तुझं सर्टिफिकेट तिथल्या लायसन्सला लावलेलं नाही ना? लावलं असेल तर निघायच्या आधी लेखी काढून घे आणि औषध प्रशासनाच्या ऑफिसात पोच घे. फार्मसिस्ट परदेशात आणि नाव दुकानाच्या भिंतीवर, हे गोव्यात काय आणि कुठं काय, कायद्यात बसत नाही, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशननंतर तर ओरड जास्तच आहे. उद्या तपासणी आली तर तुझं गुड स्टँडिंग जाईल आणि मामाचं लायसन्स पण. घरातला मामला आहे म्हणून गप्प बसू नकोस, बोलून घे.

मिसिसागा_पेडणे

मूळ प्रश्न यूकेचा आहे पण हा धागा पुढे कोणीतरी वाचेल म्हणून थोडक्यात. कॅनडाला नॅप्रा म्हणजे फार्मसी नियामकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, पीईबीसी म्हणजे परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडे डॉक्युमेंट इव्हॅल्युएशन, मग इव्हॅल्युएटिंग एक्झाम, मग क्वालिफाइंगचे दोन भाग, एक एमसीक्यू आणि एक ओएससीई, त्यात खोटा पेशंट समोर बसवतात आणि तुम्ही त्याच्याशी बोलायचं. क्वेबेकचं सगळं वेगळं. प्रॅक्टिकल ट्रेनिंग प्रांताप्रमाणे. अमेरिकेला चार वर्षांचं बी.फार्म चालत नाही, १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपलं सहा वर्षांचं फार्म.डी. चालतं. धाकट्या भावंडांना अमेरिकाच डोक्यात असेल तर बारावीनंतरच हे सांगा, बी.फार्म झाल्यावर कळून उपयोग नाही.

डिचोलीकरीण

सर्टिफिकेट मामाच्या लायसन्सला नाही, तेवढं बरं आहे. नावाचा मात्र घोळ आहे. दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटवर बाबांचं नाव मध्ये आहे, युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंय. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचंच. यातलं काय बदलून घेऊ?

दुबई_ते_वाळपई

डिग्री आणि मार्कशीट बदलायला जाऊ नकोस, शिकलीस तेव्हा जे नाव होतं तेच तिथं राहणार. लग्नाच्या नोंदणीचा दाखला इंग्रजीतून काढ आणि ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं अ‍ॅफिडेव्हिट नोटरीकडून कर, त्यात प्रत्येक कागदावर जसं स्पेलिंग आहे तसंच्या तसं लिहायचं, आद्याक्षर पण. कौन्सिलकडे मात्र नावबदलाचा अर्ज आजच दे, गुड स्टँडिंगचं पत्र पासपोर्टवरच्या नावाने आलेलं बरं.

केरी_सत्तरी

आणि अ‍ॅफिडेव्हिट होईपर्यंत थांबू नका, आयईएलटीएसची तारीख आत्ता घ्या. परीक्षेचा फॉर्म पासपोर्टवरच्या नावानेच भरायचा, त्या दिवशी तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. रायटिंगसाठी कोणी तपासून देणारं नसेल तर मला मेसेज करा, आठवड्याला दोन निबंध मी बघून देईन.